मामांचा वाघ आणि माझं ताट

सुंदरबनातला वाघ मी एकट्यानं पळवून लावला, आणि त्याबद्दल घरात मला कुणीही चांगलं म्हणत नाही.

सासरे आमचे शिरवळचे, निवृत्त सुभेदार. (मी त्यांना मामा म्हणतो. ते मला पावणं म्हणतात, लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी.) ऐन उमेदीत बंगालात नोकरी केली, पण खारफुटीच्या जंगलातला वाघ बघायला सुट्टी काही मिळाली नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर मोतीबिंदू काढला आणि म्हणाले, आता या डोळ्यांनी एकदा तो वाघ बघायचा. जन्मात दुसरं काही मागितलं नाही माणसानं. मग निघालो तिघं: मामा, बायको आणि जाणकार म्हणून मी.

जाणकार अशासाठी की मी शिराळ्याचा. नागाच्या गावचा माणूस जनावराला भीत नसतो, हे मी गाडीत बसल्यापासून सगळ्या डब्याला सांगत होतो. होडीत तर तोंडाला कुलूपच नाही. गाइडनं चिखलातून वर आलेली खारफुटीची मुळं दाखवली, श्वास घेतात म्हणाला. मी मान हलवली. "आमच्याकडं याला खोडवा म्हणत्यात. ऊस तोडणारानं बुडखं वर ठेवल्यात नुसतं." मगर दाखवली, तर म्हटलं सांगलीला या, कृष्णेच्या घाटावर धुणं धुताना दिसते. गाइड बिचारा माझ्याकडं पाठ करून बसला. बायको म्हणाली जरा ऐकून घ्या. मी कशाला ऐकतोय!

दोन दिवस हरणं झाली, माकडं झाली, खेकडे झाले. वाघ नाही. मामा आपले होडीच्या पुढच्या टोकाला, गळ्यात दुर्बीण, पहाऱ्यावर बसल्यासारखे. तिसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत होडीवरच जेवणं वाढली. मामा पलीकडच्या बाजूला वाकून हात धूत होते. आणि माझ्यासमोर, काठावरच्या झुडपातून, तो बाहेर आला.

आता आमच्या उसात अलीकडं बिबट्या असतो. पाणी पाजायला जाताना सोबत स्टीलचं ताट न्यायचं, दिसला की बडवायचं आणि बोंब ठोकायची, ही आमची रीत. त्यात विचार वगैरे नसतो, हात आपोआप चालतो. मी माशाचं कालवण बायकोच्या साडीवर ओतलं, ताट बडवायला लागलो आणि जंगलाच्या राजाला ओरडलो, "हाड! हाड! हाड!"

वाघानं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. मग वळला आणि गेला.

मामा ओल्या हातांनी वळले. "काय व्हतं?"

मी ताट पाठीमागं लपवलं. शेवटी गाइडच म्हणाला, "बाघ था, साहब."

मामांनी दुर्बीण लावली आणि उतरायचा धक्का येईपर्यंत तो मोकळा चिखल बघत राहिले. मला खरोखर रडू यायचं बाकी होतं. जवळ जाऊन म्हटलं, "मामा, चुकलं माझं."

"असू द्या, पावणं. खोडवा तर बघितला."

त्यानंतर धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान घ्यायला शिरवळला गेलो. शेजारी साडू, त्याच्यापुढं चांदीचं ताट. माझ्यापुढं पत्रावळ. मी इकडंतिकडं बघतोय म्हटल्यावर मामा तूप वाढत शांतपणे म्हणाले, "माळ्यावर मांजर व्यालंय. वाघाची मावशी हाय, तिला तरी ऱ्हाऊ द्या."

जेवण उरकलं. उठताना कुणाचं लक्ष नाही असं बघून पत्रावळीवर दोन थापा मारून पाहिल्या. आवाज काही येत नाही.