अंगावर न घेतलेली वाकळ

चितेगावातल्या म्हाताऱ्या मला आपल्या हातच्या वाकळी हौसेनं दाखवायच्या. हा तुकडा कुणाच्या लुगड्याचा, तो कुणाच्या सदऱ्याचा, हे सांगता सांगता लग्नं, बाळंतपणं, भांडणं निघायची. मी फोनवर सगळं रेकॉर्ड करून घ्यायचे. बोलणं मला जमत नाही, ऐकणं जमतं. पण सासूच्या किंवा आईच्या हातची वाकळ दाखवा म्हटलं की सगळीकडे एकच उत्तर मिळायचं. "ती तिच्यासंगं गेली."

आधी वाटलं, जीर्ण झाली असेल. मग एकदा ओढ्याकडून येताना बाभळीला अडकलेली वाकळ दिसली. खाली मडक्याची खापरं होती. माणूस ज्या पांघरुणात जातं ते घरात ठेवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे प्रत्येक बाईची सगळ्यात वापरलेली, सगळ्यात मऊ वाकळ अशीच कुठंतरी काट्यांत गेली होती. त्यानंतर मी त्या वाटेनं गेले नाही.

आत्याआजीला मात्र तिच्या आईच्या वाकळीबद्दल विचारलं. ती बाबांची आत्या, चितेगावातच मुलगा-सुनेजवळ राहायची.

"बोललीस का एकदाची? मला वाटलं, इंग्रजी शाळेनं जीभच ठेवून घेतली तुझी."

ती पातळ चादर गुंडाळून कुडकुडत बसली होती. उशाच्या पेटीवर मात्र एक जाड वाकळ घडी करून ठेवलेली. तिनं ती उलगडली. मधोमध विटक्या लाल रंगाचा चौकोन होता.

"मह्या आईचं लुगडं."

ती लहान असताना निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं सगळं गाव रात्री रानात झोपायचं. पोलीस ॲक्शननंतर लोक घरी परतले, आणि थोड्याच दिवसांत तिची आई तापानं गेली. आईचं होतं नव्हतं ते ओढ्यात टाकलं. पळताना ज्या फाटक्या लुगड्यात भांडी बांधली होती, ते तेवढं शेजारणीकडे राहिलं होतं.

"थंडी पडली की वाटतं, आई तिथंच बसलीय ओढ्यावर. काय पांघरत असंल?" ती चौकोनावरून हात फिरवत राहिली. "मी ही अंगावर घेत नाय आता. हिच्यात मेले तर हीबी जाईल. आईला दुसऱ्यांदा टाकत्याल."

"मग मी आजच घेऊन जाऊ का?"

"जा की घिऊन. मीबी आजच मरते मग!" ती हसली. "असू दे डोळ्यापुढं. मी गेल्यावर घरात जे लेकरू व्हईल, त्याच्या अंगावर घाला."

संक्रांतीच्या सुमारास काकांचा, म्हणजे तिच्या मुलाचा, सकाळीच फोन आला. बाबा आणि मी पोहोचलो तेव्हा खोलीत बायका बसल्या होत्या. आत्याआजी डोळे मिटून पडली होती, आणि तिच्या अंगावर तीच वाकळ होती.

"लोक येत्यात बघायला," तिची सून, काकू, हळूच म्हणाली. "त्या चादरीत कसं दिसलं असतं? जन्मभर जपली, आता तरी पांघरू दे म्हटलं."

आत्याआजीची बोटं वाकळीच्या कडेला होती. ती कड ओढत होती की ढकलत होती, कळत नव्हतं.

"काकू, ही काढा." माझाच आवाज मला परका वाटला. "तिनं मला सांगितलंय. ही अंगावर नको."

"अगं, काकडतीय ती!"

"शहरातल्या पोरी बाई," शेजारीण म्हणाली, "म्हातारी जाईस्तोर तरी दम धर की."

बाबांनी मान खाली घातली. मी माझी शाल काढली, वाकळ ओढून घेतली आणि शाल तिच्या अंगावर घातली. काका पुढं झाले. त्यांनी तिच्या नाकाशी हात धरला, बराच वेळ धरला.

"गेली."

कुणीतरी रडायला लागलं. शेजारणीनं विचारलं, "पर कवा? वाकळ काढायच्या आधी का मागनं?"

सगळ्यात जवळ मी होते. सगळे माझ्याकडं बघत होते.

"काढली तेव्हा श्वास होता," मी म्हणाले.

शाल तिच्याबरोबर गेली. वाकळ मी शहरात, छावणीतल्या आमच्या घरी आणली, पण आई ती कपाटात ठेवू देईना. मी वाकळीचे फोटो काढले, प्रत्येक तुकड्याची हकीकत लिहून ठेवली. ती उलगडली की खोली गार वाटायची.

उन्हाळा संपता संपता काकू आमच्याकडे आली. तिच्या लेकीला मुलगी झाली होती. चहा झाला तरी ती वाकळीचं काही काढेना. मग मला आत बोलावून दार लोटलं.

"खरं सांग. व्हता ना गं श्वास?"

"होता."

"तू सांगितलंस तसं लेकराच्या अंगावर घालायचीय, म्हणून विचारते. आधी तू पांघरून दाखव."

भर दुपारी, उकाड्यात, मी पलंगावर आडवी झाले. काकूनं वाकळ माझ्या गळ्यापर्यंत ओढली, पायांशी खोचली. ती वाटली होती त्यापेक्षा कितीतरी जड होती. लाल चौकोन बरोबर छातीवर आला. तेवढीच जागा गार होती, ओल्या मातीसारखी. काकू काठावर बसून माझ्या छातीकडे टक लावून बघत होती.

मी तिला दिसेल असा मोठा श्वास घेतला. मग आणखी एक.

काकू उठली आणि तिनं वाकळ न्यायला आईकडे मोठी पिशवी मागितली.