बोट फिरवलं का, ताई?

चहाचा कप हातात आला की भाई आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. मग घोट. कँटीनच्या ताटाची कड, लग्नपत्रिकेची कड, कोणाच्या नव्या मोबाईलची कड, काहीही चालायचं. एकदा माझ्या घरी दिघीला आले, तर दारातच थांबले, चौकटीवरून अंगठा फिरवला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सुताराला परत बोलवा राव, रंधा नीट मारला नाही." नवऱ्याशी त्यांची ती पहिलीच भेट होती.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या सवयीचा आपल्याला वैताग येतो आणि नंतर ती सवय आपल्यालाच लागते. तसे आमचे भाई.

चाकणच्या आमच्या कंपनीत ब्रेकच्या पेडलला लागणाऱ्या पिना बनतात. बोटाएवढी लांब पिन, एका टोकाला आरपार भोक. भाई क्वालिटीत शिफ्ट इनचार्ज, मी त्यांच्या हाताखाली इन्स्पेक्टर. मोजायला एकाहून एक यंत्रं होती, पण भाईंचा भरवसा अंगठ्यावर. "बोट फिरवलं का, ताई?" दिवसातून वीस वेळा. मी वैतागून "फिरवलं" म्हणायचे, तेव्हा ते माझं बोट बघायचे. खरंच फिरवलं असेल तर त्यावर तेलाचा काळा पट्टा उमटतो. तोंडचं खरं धरायची त्यांना सवय नव्हती.

भाईंची बारा वर्षांची पक्की नोकरी. काळेवाडीत वडिलांचं स्कूटर-मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, घरातला कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालणारा हा पहिला माणूस. आणि अडतिसाव्या वर्षी ह्यांच्या डोक्यात आलं की मॅनेजमेंट शिकायचं. तेही नोकरी सांभाळून नाही. राजीनामा देऊन, दोन वर्षं कॉलेजच्या बाकावर बसून.

"काय कमी आहे इथं?" मी सरळ विचारलं.

"ताई, दर वर्षी कॉलेजातून एक नवा साहेब येतो. सहा महिने मी त्याला पिन शिकवतो. सातव्या महिन्यात तो मला शिकवायला लागतो. मीटिंगमध्ये पिन मीच दाखवायची, आणि ठरवायची वेळ आली की साहेब म्हणणार, भाई, तुम्ही मशीनकडं जा. मला एकदा त्या दाराच्या आत थांबायचंय."

"आणि अब्बा काय म्हणाले?"

"म्हणाले, चालत्या गाडीचं इंजिन उतरवणारा मेकॅनिक पहिल्यांदाच बघतोय." आणि भाई स्वतःच खो-खो हसले.

प्रवेश परीक्षेचा अभ्यास त्यांनी कंपनीच्या बसमध्ये केला. चाकण ते मोशी रस्त्यावर आमची बस रोज कंटेनरच्या गर्दीत अडकते. भाई मोबाईलवर वेळ लावून गणितं सोडवायचे आणि बस हलली की ड्रायव्हरवर डाफरायचे, "थांब की राव, दोन गणितं राहिली हायेत!" त्या कोंडीचा कोणाला उपयोग झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

ते पास झाले. राजीनामा दिला, दोन महिन्यांची नोटीस सुरू झाली. शेवटचा आठवडा आला, आणि त्याच आठवड्यात मी माती खाल्ली.

आमच्याकडे शिफ्ट सुरू झाली की मशीनवरचा पहिला नग तपासायचा. त्याला फर्स्ट पीस म्हणतात. इन्स्पेक्टरनं तपासायचा, इनचार्जनं पुन्हा बघायचा, दोघांच्या सह्यांचं कार्ड दोऱ्यानं बांधायचं आणि तो नग दिवसभर मशीनच्या हुकाला टांगायचा. हा नग बरोबर, म्हणजे त्याच्या मागून येणारे सगळे बरोबर. पण घाईच्या दिवशी काही जण काय करतात, तर आदल्या शिफ्टचा टांगलेला नग तसाच ठेवतात आणि फक्त कार्ड बदलतात. भाईंच्या समोर असं करायची कोणाची छाती नव्हती.

सोमवारी बस मोशीला पाऊण तास अडकली. प्रॉडक्शनवाले आरडाओरडा करत होते. मी जुन्या नगाला नवं कार्ड बांधलं, सही केली आणि भाईंकडे नेलं. त्यांच्या कानाला फोन होता. कॉलेजचा. जागा पक्की, कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, शनिवारी पाचच्या आत जमा करा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. भाईंचा चेहरा असा उजळला होता की विचारू नका. त्या आनंदात त्यांनी कार्डावर सही केली. अंगठा फिरवला नाही. बारा वर्षांत तेवढी एकच वेळ.

मंगळवारी सकाळी त्यांनी पाठवायच्या क्रेटमधली एक पिन उचलली, अंगठा फिरवला आणि "स्स" केलं. अंगठ्यातून रक्त आलं. भोकाची कड गोल करणारं टूल सोमवारी पहाटेच तुटलं होतं. आमच्या शिफ्टभर धारदार कडेच्या पिना निघाल्या होत्या आणि अर्धा माल गाड्या बनवणाऱ्या कस्टमरकडे पोचलाही होता.

त्यांनी हुकाचा नग काढला. सोमवारी दुपारनंतर मशीन बंद होतं, त्यामुळे कार्ड अजून माझंच होतं. गुळगुळीत कड. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं, आणि त्यांना समजलंय हे मला समजलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला पिनांची नाही, माझी काळजी वाटली. माझं प्रोबेशन एक तारखेला संपणार होतं. नवऱ्याची कंत्राटी नोकरी नुकतीच गेली होती.

भाई प्लांट हेड साहेबांच्या केबिनमध्ये गेले, मी मागोमाग. "सही माझी आहे, साहेब," ते म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वळून म्हणाले, "ताई, तुम्ही क्रेट मोजायला घ्या." असं त्यांनी मला बाहेर काढलं. दार बंद होताना साहेबांचा आवाज ऐकू आला, "सगळा माल तपासून फाईल बंद होईपर्यंत रिलीव्हिंगचं नाव काढू नका."

तीन दिवस भाई कस्टमरच्या गोदामात एका स्टुलावर बसून एकेक पिन अंगठ्याखालून काढत होते. मीही शेजारी होते. त्यांच्या अंगठ्याला आधी एक पट्टी होती, मग तिच्यावर दुसरी. गुरुवारी मी म्हटलं, "मी सांगते साहेबांना."

"गप बसा. तुम्हाला लगेच काढतील. मला काय, मी तर चाललोच आहे."

"पण लेटर नाही मिळालं तर?"

त्यांनी पुढची पिन उचलली.

माल शुक्रवारी दुपारी संपला, एकही पिन गाडीत गेली नव्हती. पण फाईल बंद होईना. चूक कशामुळे झाली, या रकान्यात भाईंनी लिहिलं होतं, 'तपासणीत माझं दुर्लक्ष.' कस्टमरनं रिपोर्ट परत पाठवला. दुर्लक्ष हे कारण होत नाही, दुर्लक्ष नेमकं कुठं झालं ते लिहा. खरं कारण त्या हुकाला टांगलेलं होतं, आणि ते लिहायचं म्हणजे माझं नाव लिहायचं. भाईंनी शुक्रवारी तोच रिपोर्ट चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत लिहिला. चारही वेळा परत आला.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनमध्ये बसले होते. समोर चहा. कडेवरून अंगठा न फिरवताच ते तो प्याले. एवढी साधी गोष्ट, पण मला ती बघवली नाही.

मी उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. जुना नग, नवं कार्ड, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "लिहून द्या." मी लिहून दिलं. शिफ्ट सुटायच्या वेळेला कस्टमरची मंजुरी आली. साहेबांनी लेटरवर सही केली आणि मला म्हणाले, "तुमचं प्रोबेशन सहा महिने वाढलं समजा." काढलं नाही, एवढं खूप होतं.

लेटर भाईंच्या हातात मीच दिलं. आधी ते भडकलेच. "कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला?" मग त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पावणेचार. कॉलेज निगडीच्या पुढं. "जा आता," मी म्हटलं, आणि भाई हेल्मेट घालता घालता पळाले. लेटर मिळालंच तर थेट कॉलेज गाठायचं म्हणून त्या दिवशी ते बस सोडून मोटारसायकलवर आले होते.

आमची बस नेहमीप्रमाणे मोशीच्या अलीकडे अडकली. सव्वाचार झाले होते. खिडकीतून बघते तर खाली भाईंची मोटारसायकल. पुढं कंटेनर, बाजूला कंटेनर, मध्ये हे. हॉर्न वाजवायचंही त्यांनी सोडून दिलं होतं.

"अहो, भाई अडकलेत!" मी ओरडले. पुढं जे झालं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. ज्या ड्रायव्हरवर भाई रोज डाफरायचे, तोच आधी खाली उतरला. मागून अख्खी बस उतरली. एकानं पुढच्या कंटेनरवाल्याला हात जोडले, दोघांनी मागचा थोपवून धरला, कोणी दुभाजकाजवळचं बॅरिकेड सरकवलं. "सरक भावा, सरक, आमच्या माणसाचं ॲडमिशन हाय!" त्या कंटेनरवाल्याला काय समजलं असेल कोण जाणे, पण तो हातभर पुढं सरकला.

तेवढ्या फटीतून भाई निघाले. मागे वळून पाहिलं नाही, वेळच नव्हता. फक्त डावा हात वर केला. दोन पट्ट्या बांधलेला तो अंगठा कंटेनरच्या पलीकडं दिसेनासा होईपर्यंत आम्ही सगळे रस्त्यात उभे होतो.

नंतर आम्ही बसमध्ये येऊन बसलो. सगळे माझ्या फोनकडे बघत होते, जणू मीच तो वाजवणार होते.

पाचला आठ मिनिटं कमी असताना तो वाजला. पलीकडं आधी नुसती धाप. मग आवाज आला.

"ताई, कॉलेजच्या मॅडमनी लेटर घेतलं. घ्यायच्या आधी कडेवरून बोट फिरवलं त्यांनी."

"खरंच?"

"नाही हो. मीच फिरवलं."

मी हसले की रडले, आठवत नाही. आमची बस अजून तिथंच उभी होती.