दत्तूच्या चपला

दत्तू गेल्याचं मला कोर्टाच्या व्हरांड्यात कळलं. मखमलाबादच्या रस्त्यावर मागून ट्रक अंगावर आला. बरोबरचे दोघे उडी मारून बाजूला झाले, दत्तूला उडी मारता आली नाही. का आली नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही...

आम्ही शाळेपासूनचे मित्र. तो झेंडू पिकवून पंचवटीत विकायचा, मी एका फौजदारी वकिलांचा कारकून. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात दरोडा पडला, घरातला म्हातारा मारला गेला. दत्तू तिथे रोज हार द्यायचा, म्हणून त्याला उचललं. दुसऱ्या दिवशी कोर्टात आणला तेव्हा दोघा पोलिसांनी त्याला काखेत हात घालून धरलं होतं. तळव्यांवर पट्टे मारून कातडी फाटली होती, चपला हातात होत्या. "काय फूलवाल्या, पायांचे गोंडे झाले की रे!" एक शिपाई हसला.

आरोपीला हजर केलं की न्यायाधीश विचारतात, पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का? हो म्हटलं की डॉक्टरी तपासणी होते, मार कागदावर येतो. हे मी रोज पाहत होतो. पण हवालदार माझ्या कानाशी लागला, "तक्रार नको, आजच जेलमध्ये पाठवतो. तिथे कोण मारतंय?" वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात होते, त्यांना विचारायलाही मी थांबलो नाही.

"नाही म्हण," मी दत्तूला सांगितलं.

"अरे, उभं राहवत नाय मला. दाखवू दे ना पाय."

"माझं ऐक."

त्याने ऐकलं. 'तक्रार नाही' अशी नोंद झाली आणि पोलिसांना आणखी चार दिवसांची कोठडी मिळाली. त्या चार दिवसांत त्यांनी त्याच्या दोन्ही पावलांची हाडं मोडली.

तीन वर्षं जेलमध्ये काढून तो निर्दोष सुटला. रिक्षात बसताना म्हणाला, "त्या दिवशी पाय दाखवले असते तर?"

"काही फरक पडला नसता," मी म्हणालो.

"मग बरंय," तो म्हणाला. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही. लग्न केलं, मळा सांभाळला, पावलांच्या कडांवर चालत राहिला...

तेराव्याला वहिनींनी दारातल्या चपला दाखवल्या. बाहेरच्या कडा कागदासारख्या झिजलेल्या, मधला भाग कोरा. "भावजी, टाकून देऊ का?" मी नाही म्हणालो. त्या अजून दारातच आहेत. वहिनी रविवारची पुरवणी वाचतात, म्हणून समोर बसून जमलं नाही ते इथे लिहितो.

वहिनी, फरक पडला असता.