निर्व्यसनी जबडा

ऐंशीच्या दशकातलं अंबरनाथ मला वासाने आठवतं. कुठल्या कारखान्यात आज काय शिजतंय, हे कॉलनीतली पोरंही नाकाने सांगायची. माझे वडील ज्या केमिकल कारखान्यात अधिकारी होते, तिथे दरवर्षी कामगारांसाठी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होई आणि भाषण वडिलांचंच असे. कामगार गालात तंबाखू धरून ते अतिशय शांतपणे ऐकत. तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना फक्त टाळ्याच वाजवता येत. तेव्हा ती भाषणं मला रटाळ वाटायची. आता त्यातलं एखादं पूर्ण ऐकायला मिळालं, तर मी पुढच्या रांगेत बसेन.

नव्वदीच्या सुरुवातीला वडिलांच्या खालच्या जबड्यावर, अक्कलदाढेपाशी फुगवटा आला. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी तो बरेच महिने मनावर घेतला नाही. शेवटी आईनेच त्यांना उल्हासनगरच्या सिंधी डेंटिस्टकडे नेलं. त्याने एक्स-रे उजेडात धरला. हाडात लिंबाएवढी काळी पोकळी दिसत होती.

"सिस्ट है, साहब. पानी की थैली समझो. निकाल देंगे, लेकिन टेस्ट को भेजना पडेगा."

"कशाला? मी साधी सुपारी खात नाही," वडील म्हणाले.

तंबाखू नाही तर तोंडाचा कॅन्सर नाही, हे आमच्या घरातलं शास्त्र होतं. सिस्टला ते कुणी कळवलं नव्हतं. रिपोर्ट आला. त्या पिशवीच्या अस्तरातच कॅन्सर सुरू झाला होता. मुंबईला ऑपरेशन झालं, जबड्याचा एका बाजूचा भाग काढला आणि वडिलांचं बोलणं जड झालं.

भेटायला येणाऱ्या कॉलनीतल्या बायका शिवमंदिरातला अंगारा आणत आणि आईला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारत, "वहिनी, खरं सांगा, चोरून खायचे का हो?"

बाहेर वडिलांना सगळं ऐकू जाई. आजाराने ते खचले नव्हते, या प्रश्नाने खचले. "निदान खाऊन तरी घ्यायला हवी होती," एकदा ते आईला म्हणाले.

पुढच्या वर्षी कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर पेढे घेऊन घरी आले. "साहेब, यंदा तुम्ही नुसते स्टेजवर बसा. बोलायचे कष्ट नकोत. तुम्हाला बघूनच लोक सोडतील."

आईचा चेहरा उतरला. वडील म्हणाले, "येतो."

हार, शाल, समई, सगळं यथासांग झालं. कॉलनीतली कुटुंबंही आली होती. "तंबाखूचा परिणाम आज आपल्यासमोर बसला आहे," असं निवेदकाने गहिवरून म्हणताच वडील उठले आणि त्यांनी माइक ओढून घेतला.

"मी तंबाखू... कधीच... खाल्ली नाही. गाठ होती. दुखली नाही, म्हणून दाखवली नाही. तुम्ही दाखवा."

व्यासपीठावर सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मागून बुवापाड्याच्या एका ऑपरेटरने विचारलं, "म्हणजे साहेब, खाल्ली तरी होतो नि नाही खाल्ली तरी होतो?"

"खाल्लीस तर... लवकर होतो."

सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतली आई मात्र हसली नाही. ती खुर्चीत पूर्ण मागे वळली आणि तिने कॉलनीतल्या बायकांकडे एकेक करून, सावकाश बघून घेतलं.