सूवेनच्या कानांवरचा विश्वास

अजूनही मला ते खरं वाटत नाही. स्वस्तातला इयरफोन घ्यायचा म्हटलं की लोक आधी माझ्या मुलीचं मत बघतात, आणि त्याच मुलीला आमच्या भाताच्या कुकरची बारीक पीं-पीं ऐकू येत नाही.

सूवेन सव्वीस वर्षांची आहे. जाहिरात कंपनीतली बरी नोकरी सोडून ती घरात खिडकीशी बसून इयरफोन ऐकायला लागली, तेव्हाच माझी झोप उडाली होती. हुआचियांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात दोन वाट्या नूडल्सच्या भावात मिळणारे इयरफोन ती ऐकते आणि व्हिडिओतून त्यांचा बरा-वाईटपणा सांगते. महागड्यांना हात लावत नाही. महाग वस्तू चांगली निघाली तर त्यात कौतुक कसलं, असं तिचं म्हणणं.

तिची पद्धत ठरलेली. एका म्हातारीने गायलेलं हाक्का लोकांचं डोंगरगाणं, गजाने वाजवायच्या दोन तारांच्या अर्हूची एक धून आणि तिने स्वतः बसस्टॉपवर टिपलेला गोंगाट. म्हातारी श्वास कुठे घेते ते कळलं पाहिजे, तारेवर गज घासतो ते कळलं पाहिजे, आणि खालचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावर बसता कामा नये. आवाज तपासून झाला की कानाची सोय. जिने चढून बघायचं, कुशीवर झोपून बघायचं, शेवटी वाटीभर सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत बसायचं. जबडा हलत राहिला की वाईट इयरफोन हळूहळू कानातून बाहेर सरकतो. "कान आहेत की कारखाना," असं मी ओरडायचे. ती म्हणायची, "कारखानाच आहे आई, त्याच्यावरच तर तुझा भात शिजतो."

या धंद्यात एक रीत आहे. एखाद्याच्या कानांवर लोकांचा विश्वास बसला की कारखानदार त्याला बोलावतात, त्याच्या पसंतीने आवाज जुळवतात आणि खोक्यावर त्याचं नाव छापतात. यंदा लोंगहुआतल्या याओ मास्तरांनी सूवेनला बोलावलं. त्यांचा छोटा कारखाना आहे, पंचावन्न वर्षांचे आहेत, आयुष्य याच कामात गेलं. सूवेन नमुना ऐकायची आणि सांगायची, वरचा, बारीक आवाज दबलाय, मोकळा करा. इयरफोनच्या नळीत एक जाळी असते, ती पातळ केली की आवाज मोकळा होतो. मास्तर पातळ जाळी लावायचे. ती म्हणायची, अजून थोडा. ते अजून पातळ लावायचे.

पहिलं खोकं घरी आलं तेव्हा मी त्यावरच्या तिच्या नावावरून बोट फिरवलं. माझ्याच गावाकडचं एक जुनं नाटक लावलं. झांजा वाजल्या आणि कानात सुई गेल्यासारखं झालं. मी इयरफोन उपटून काढले. वाटलं, हा नग बिघडलेला असणार. दुसरा लावला, तोही तसाच. मी सूवेनला ऐकवला. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "आता कुठे झांजा झांजांसारख्या वाजतात."

नेमका तेव्हाच भात झाला. कुकर पीं-पीं करत होता, तिच्या कोपराजवळ. कानात काही नव्हतं तिच्या. मी वाट बघितली. तो वाजत राहिला. ती खोकं उलटसुलट करून बघत होती.

"सूवेन, कुकर वाजतोय," मी म्हणाले.

"कुठे?" ती म्हणाली.

दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवून तिची तपासणी झाली. खालचे, मधले आवाज चांगले होते. वरच्या आवाजांशी पोचल्यावर बाहेरच्या पडद्यावरची रेष कड्यावरून पडावी तशी खाली गेली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात ऐकल्याने असं होतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपा. मी बरंच काही विचारलं. सूवेनने एकच विचारलं, हे केव्हापासून? बाई म्हणाल्या, ते कोण सांगणार? हळूहळू जातं, ज्याचं जातं त्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी माल विक्रीला लागणार होता. येताना बसमध्ये मी तिला म्हणाले, गप्प राहा, आवाज ज्याच्या त्याच्या आवडीचा असतो. उद्या तुझे कान गेले म्हणून कळलं तर तुला कोण विचारणार आहे? बसमधूनच तिने याओ मास्तरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता.

मग मास्तर म्हणाले, "मला टोचत होता, पोरी. पहिली जाळी बदलली तेव्हापासून टोचत होता."

"मग बोलला का नाहीत, मास्तर?"

"बोलू कसा? वयाबरोबर वरचा आवाज आधी जातो, म्हणून आमच्या धंद्यात पन्नाशी उलटली की माणूस वरच्या आवाजावर मत देत नाही. म्हाताऱ्या कानांचं कोण ऐकतं? तू सव्वीसची. मला वाटलं, माझेच कान बिघडले."

म्हाताऱ्या कानांनासुद्धा टोचतोय म्हणजे आवाज किती तिखट असेल, हे त्या जाणत्या माणसाला सुचलं नाही. त्याने स्वतःचे कान बाजूला ठेवले आणि माझ्या मुलीचे, जे नव्हतेच, ते खरे धरले.

मास्तरांनी माल थांबवला. जाळ्या बदलू म्हणाले, वेळ लागेल. नावाचं काय करायचं, विचारलं. सूवेन म्हणाली, काढा.

संध्याकाळी तिने व्हिडिओ केला. मी दारात उभी होते, आत जायचा धीर झाला नाही. तिने तपासणीचा कागद दाखवला. म्हणाली, माझे कान केव्हापासून गेले ते मला माहीत नाही, म्हणून आजवर मी ज्याला ज्याला छान, मोकळा आवाज म्हटलं ते सगळं मागे घेते. इयरफोन कानात नीट बसतो की खुपतो, एवढंच सांगायचा मला अधिकार आहे.

शिव्या येणार हे मी धरून चालले होते. आल्याही. "बहिरी पारखीण" असं एकाने लिहिलं, त्याला पुष्कळांनी दाद दिली. पण दुसरंच काहीतरी यायला लागलं. चेंगदूच्या एका मुलीने लिहिलं, ताई, तुम्ही सांगितलेला इयरफोन घेतला, रोज डोकं दुखायचं, मला वाटलं माझेच कान नाजूक. एका ड्रायव्हरने लिहिलं, मी दोनदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तिसऱ्याने लिहिलं, बायकोला टोचायचा, मी तिला हसायचो. खाली आणखी होते, आणखी होते. एवढ्या माणसांच्या कानांना खरं कळलं होतं, आणि सगळ्यांनी आपल्याच कानांना खोटं पाडलं होतं.

मी म्हणाले, बंद कर तो फोन, जेवून घे. तिने ऐकलं नाही. खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि एकेकाला उत्तर लिहायला लागली. मी मागून वाकून बघितलं. प्रत्येकाला तेच लिहीत होती: तुमचे कान बरोबर होते.