काकूचं जहाज

बोअरमध्ये मोटर पडली की लोक मला बोलावतात. माझा कॅमेरा मुठीत मावेल एवढा, त्याच्याभोवती दिवे आणि वर वायरची मोठी चरखी. मी वायर सोडत जातो आणि पडद्यावर खडक, झरे, कधी बेडूक, तर कधी कुणाची तरी चप्पल दिसते. हिंगोलीपासून सेनगावापर्यंतची जमीन मी आतून जेवढी पाहिलीय, तेवढी तिच्या मालकांनी पाहिलेली नाही. धंद्यात माझा एक नेम आहे. मोटर दिसली की आधी मालकाला पडद्यासमोर बसवायचं आणि विचारायचं, "बघून घ्या, हीच का?" तो हो म्हणाला की मगच मोटर वर ओढायला गळ सोडायचा. एकाच बोअरमध्ये बापाच्या काळातली मोटर आणि पोराची मोटर एकमेकींवर बसलेल्या मी पाहिल्यात.

समुद्र मात्र मी कधी पाहिला नव्हता. आमच्या घरात तो फक्त काकूच्या वाट्याला आला.

काका मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. मी शाळेत असताना, जहाज तुफानात बुडाल्याचा निरोप आला. माणूस सापडला नाही, जहाजही नाही. मग लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "बुडालं-बिडालं काई न्हाई, तिकडंच दुसरं घर केलं असंल त्यानं," असं समोरच्या घरातली म्हातारी आजही हळद वाळवता वाळवता आम्हाला ऐकू येईल अशा बेतानं म्हणते. तिच्या बोअरची मोटर पडली तेव्हा मी तिला मुद्दाम ताटकळत ठेवलं होतं आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. काकू तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. पण मेलेल्या माणसासाठी विहारात पुण्यानुमोदन करतात, ते काकाचं तिनं कधी होऊ दिलं नाही. म्हणायची, "मेला का सोडून गेला, ते कळल्याबिगर कशाचं पुण्यानुमोदन?"

मागच्या उन्हाळ्यात काकाच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. तो त्या फेरीला सुट्टीवर होता म्हणून वाचला. बुडालेली जहाजं शोधणारं एक पथक त्या भागात आलंय, आवाजाच्या लहरी सोडून तळाशी काहीतरी मोठं असल्याचं त्यांना कळलंय आणि आता ते बिनमाणसाचा कॅमेरा खाली सोडणार आहेत, फोनवर सगळं थेट दिसेल, असं त्यानं सांगितलं.

मी फोन टीव्हीला जोडला. काकू समोर मांडी घालून बसली. मांडीवर काकानं आणलेला जहाजावरचा टॉवेल. त्याच्या काठावर जहाजाचं नाव इंग्रजीत विणलेलं. काकूला इंग्रजी येत नाही, पण ती अक्षरं तिला पाठ होती.

खरं सांगतो, काकूच्या आधी माझं लक्ष त्या यंत्राकडे गेलं. माझा कॅमेरा आपला सरळ खाली जातो. हे पठ्ठं स्वतःच्या पंख्यांवर हवं तिकडे वळत होतं, त्याला दोन हातसुद्धा होते. पाणी आधी निळं, मग काळं. दिव्यांच्या उजेडात पांढरे कण वर वर जात होते. तळ काही केल्या येईना.

"आत कोण बसून राहिलंय?" काकूनं विचारलं.

"कुणीच न्हाई. चालवणारा वर जहाजात बसलाय, माझ्यासारखा."

"तरीच. माणूस असता तर भ्याला असता."

शेवटी तळ आला. पंख्यांनी गाळ उडाला आणि सगळा पडदा राखाडी झाला. यंत्र थांबलं.

"काहून थांबले?"

"गाळ बसू दे, काकू. बोअरात मी बी असाच थांबतो."

"मी लई थांबलेय," ती म्हणाली.

गाळ बसला तशी समोर लोखंडी भिंत उभी राहिली. तिच्यावरून गंज वडाच्या पारंब्यांसारखा लोंबत होता. एक मासा निवांत पडला होता. यंत्र भिंतीच्या कडेकडेनं मागच्या टोकापर्यंत गेलं आणि उजेडात अक्षरं आली. काकू उठली, टॉवेलचा काठ टीव्हीला लावून एकेका अक्षरावर बोट ठेवू लागली. काही अक्षरं गंजानं खाल्ली होती, ती तिनं सोडून दिली. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बघून घे, हेच का?"

"हेच."

मालक हो म्हणाला की गळ सुटतो. मी वाटच बघत बसलो. पण यंत्र शांतपणे वळलं आणि वर निघालं. मी त्या सोबत्याला फोन लावला, तर तो म्हणाला, हे लोक काही बाहेर काढत नाहीत. शोधतात, चित्रं घेतात आणि तिथंच ठेवतात. माझं डोकंच फिरलं. एवढा खटाटोप करायचा आणि तसंच सोडून यायचं? आमच्याकडे असं केलं तर लोक चरखीसकट हाकलून देतील!

"राहू दे तिथंच," काकू म्हणाली. "तो तिथं हाय, एवढंच पायजे होतं मला."

माझे डोळे भरून आले. काकू मात्र टॉवेलची घडी घालत होती, आणि चक्क हसत होती.

"विहारात सांगून ये, पुण्यानुमोदन करायचंय म्हणून. अन् पयलं आवतन समोरच्या म्हातारीला दे. म्हणावं, माझा नवरा सापडला."