चेहऱ्याला शोभेल असं राज्य

"हिचं तोंडच बघा. तक्त्याचा खर्च वाचला."

बाई म्हणाल्या आणि अख्खा वर्ग हसला. मी सातवीत होते. रत्नागिरीतली नावाजलेली शाळा. भूगोलाचा तास, देशातल्या प्रदेशांचा आणि तिथल्या लोकांचा धडा. बाईंनी मला फळ्याजवळ उभं केलं, हनुवटीला बोट लावून तोंड खिडकीकडे वळवलं.

"डोळे बारीक, नाक बसकं. डोंगरातली माणसं अशी. काटक, प्रामाणिक, राखणीला उत्तम."

मुलांनी उतरवून घेतलं. 'प्रामाणिक' शुद्ध लिहा, हेही बाईंनी बजावलं.

माझे आईबाबा नेपाळचे. आंब्याच्या बागेत राखणीला आले, इथेच राहिले. मी जन्मले इथल्या सरकारी दवाखान्यात. मला नेपाळी धड बोलता येत नाही. बांगडा मासळीचं तिखलं मात्र झणझणीत करता येतं.

पुढे स्नेहसंमेलनात बाईंनीच 'आपला भारत' बसवला. बाबा ज्यांची बाग राखायचे त्या मालकांची मुलगी महाराष्ट्र झाली. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेली, मासळीच्या वासाने नाक दाबणारी. तिला नऊवारी, नथ. मला ईशान्य भारत. तिकडची सगळी राज्यं मिळून मी एकटी. डोक्याला कागदी पिसं.

"यातलं कुठलं राज्य, बाई?"

"कुठलं का असेना. लोकांना काय कळतंय?"

भूगोलाची पदवी होती त्यांच्याकडे. नेपाळ भारतात नाही, हेही मीच सांगायचं होतं बहुतेक.

कार्यक्रमाला मालक प्रमुख पाहुणे. पडद्यामागे आले, मला बघून हसले. "ही तर आपल्या बहादूरची पोर. तुमच्याकडचा नाच दाखव हो छान."

माझ्या बाबांचं नाव बहादूर नाही. इतकी वर्षं ते त्यांची कलमं राखत होते. या माणसाने नाव विचारलं नव्हतं. मोठा माणूस म्हणे. मला तो एकदम फार लहान दिसला.

माझी पाळी आली. 'मी ईशान्य भारत, भोळी नि हसरी' असं म्हणायचं होतं. मी पिसं काढून खाली टाकली. माईकवर म्हटलं, "मी रत्नागिरीत जन्मले. मी महाराष्ट्र आहे."

माईक बंद झाला. बाईंनी दंडाला धरून आत ओढलं. "उपकार विसरलीस."

"कसले उपकार?" मी विचारलं. त्यांनी पुढच्या राज्याला रंगमंचावर ढकललं.

मालकांनी बाबांना कामावरून काढलं, ती बाग सुटली. आई रडली. बाबा म्हणाले, "गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी त्यांच्यावर चिडले नाही. पण माफीही मागितली नाही.

आता मीच भूगोल शिकवते, इथेच, दुसऱ्या शाळेत. परवा मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, ईशान्येसाठी ती राखणदाराची मुलगी घ्या. शोभेल."

"नाही," मी म्हटलं.

"अहो, कौतुकच आहे त्यात."

असलं कौतुक मी भोगलंय. चेहरे बघून पोरांना राज्यं वाटणाऱ्याला मी माझ्या वर्गाचा उंबरा ओलांडू देणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.